आखाताचे धोरण आणि मुंबईची दप्तरे



इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. ब्रिटनचे परराष्ट्र धोरण ठरते कसे आणि बदलते कसे, याविषयी मला आज बोलायचे आहे. इंग्रज शंभर वर्षे पुढचे पाहतो, लंडनमध्ये एकदा ठरले की जगभर त्याबरहुकूम घडते, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ही समजूत मला चुकीची वाटते आणि घातकही वाटते. राज्यकर्त्याला एकदा सर्वज्ञ मानले की त्याच्या निर्णयांची चिकित्सा करण्याचे आपण सोडून देतो.

उदाहरण म्हणून पर्शियाचे आखात घेते, कारण तिथल्या ब्रिटिश धोरणाचा पाया लंडनमध्ये नव्हे, मुंबईत घातला गेला. १८१९च्या नोव्हेंबरमध्ये मेजर जनरल सर विल्यम ग्रँट कीर मुंबईहून आरमार आणि फौज घेऊन रास अल खैमावर चालून गेला. तिथले सत्ताधारी कासिमी घराणे चाचेगिरी करते, हा ईस्ट इंडिया कंपनी सरकारचा आरोप होता. ठाणे पडले आणि १८२०च्या जानेवारीत कीरने किनाऱ्यावरच्या शेखांशी तह केला. हा तह मुंबई सरकारला पसंत पडला नाही. कीरने फारच सौम्यपणा दाखवला, अशी त्याच्यावर टीका झाली. पण सह्या होऊन गेल्या होत्या. लंडनला पत्र पोहोचून उत्तर यायला महिनोन्‌महिने लागत, अशा काळात जागेवरच्या अधिकाऱ्याने जे केले तेच पुढे धोरण ठरले. या शेखांशी झालेला १८५३चा कायमचा सागरी तह आणि १८९२चे करार त्याच पायावर उभे राहिले. आखाताचे व्यवहार पाहणारा, इराणमधल्या बुशहरचा ब्रिटिश रेसिडेंट १८७३पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता, नंतर तो हिंदुस्थान सरकारकडे गेला.

एकाच साम्राज्याची दोन धोरणे एकाच वेळी चालू शकतात, हे पहिल्या महायुद्धात दिसले. कैरोतले ब्रिटिश अधिकारी मक्केच्या शरीफ हुसेनला तुर्कांविरुद्धच्या उठावासाठी बळ देत होते, तर हिंदुस्थान सरकारचा ओढा त्याचा प्रतिस्पर्धी इब्न सौद याच्याकडे होता. मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकमधली, मोहीम हिंदुस्थान सरकारने चालवली आणि ती कुतला फसली. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथे शरण गेलेल्या फौजेत मराठा पलटणीचे जवानही होते. लंडनच्या चौकशी आयोगाने ताशेरे ओढल्यावर भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. आपल्या गावोगावच्या माणसांनी त्या गोंधळाची किंमत मोजली, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीतही येत नाही, याचे मला मनापासून दुःख आहे.

१९४७ साली हिंदुस्थान हातचा गेला. आखात सांभाळायचे ते हिंदुस्थानच्या वाटेसाठी, हे इतकी वर्षे सांगितले जात होते. वाट राखण्याचे कारणच संपले, तरी इंग्रज आखातात आणखी २४ वर्षे राहिले, कारण तोवर तेल हे नवे कारण मिळाले होते. धोरण जुनेच राहते आणि त्याखालचे कारण तेवढे बदलते, असे या इतिहासात वारंवार घडलेले दिसेल.

मग ते निघाले कसे? इथे मला थोडे थांबायचे आहे. १९६७च्या नोव्हेंबरमध्ये परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री गोरोन्वी रॉबर्ट्स आखातात गेले आणि ब्रिटन इथून जाणार नाही, अशी ग्वाही त्यांनी शेखांना दिली. त्याच महिन्यात पौंडाचे अवमूल्यन झाले, पौंड २.८० डॉलरवरून २.४०वर आला. नवे अर्थमंत्री रॉय जेन्किन्स यांनी सरकारी खर्चातल्या कपातीची यादी मंत्रिमंडळापुढे ठेवली. दोनच महिन्यांनी, १९६८च्या जानेवारीत, त्याच रॉबर्ट्सना त्याच शेखांकडे परत पाठवण्यात आले, आम्ही जाणार आहोत हे सांगायला. अबू धाबी आणि दुबईच्या शेखांनी सैन्याचा खर्च स्वतः उचलण्याची तयारी दाखवली, ती नाकारली गेली.

म्हणजे प्रश्न केवळ आखातावरच्या खर्चाचा नव्हता. पंतप्रधान विल्सन यांनी १६ जानेवारीला जे निवेदन केले, त्यातच औषधांच्या चिठ्ठीवरचे शुल्क पुन्हा लावण्याची आणि सक्तीच्या शिक्षणाचे वय १६ करण्याचा बेत पुढे ढकलण्याची घोषणा होती. आपल्याच मजूर पक्षाच्या खासदारांना हे कडू घोट पाजायचे, तर लष्करालाही कात्री लावणे भाग होते. परराष्ट्रमंत्री जॉर्ज ब्राऊन यांचा विरोध होता, अमेरिका नाराज होती, तरीही निर्णय झाला. विरोधी बाकांवरून कडाडून टीका करणारे हुजूर पक्षाचे नेते एडवर्ड हीथ १९७०मध्ये सत्तेवर आले, आणि त्यांच्याही सरकारने माघार कायम ठेवली. १९७१ अखेर बहरीन, कतार आणि संयुक्त अरब अमिराती स्वतंत्र झाल्या. आज लाखो भारतीय जिथे नोकरी करतात, आपल्या कोकणातली माणसे जिथून घरी पैसे पाठवतात, त्या देशांचे भवितव्य लंडनमध्ये शाळा आणि औषधांच्या हिशेबाबरोबर ठरले. म्हणून परराष्ट्र धोरण शिकवताना अर्थसंकल्प शिकवलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि माघारही कायमची नसते: २०१४च्या करारानुसार बहरीनमध्ये ब्रिटिश नौदलाचा तळ पुन्हा उभा राहिला.

हे सारे आपल्याला कळते ते कागद उरले म्हणून. १९५६मध्ये सुवेझवर हल्ला करण्यासाठी ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएल यांनी फ्रान्समधल्या सेव्र येथे गुप्त करार केला, तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान ईडन यांनी त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आटापिटा केला. ब्रिटिश प्रत गेली, इस्राएलची टिकली, आणि सत्य बाहेर आले.

आखाताचे कागद तर आपल्या दाराशी आहेत. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात मुंबई सरकारच्या राजकीय खात्याची दप्तरे आहेत. शारजाचे शासक शेख सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी यांनी मुंबईच्याच दप्तरांचा आधार घेऊन आपल्या पूर्वजांवरचा चाचेगिरीचा आरोप खोडून काढणारा ग्रंथ १९८६ साली प्रसिद्ध केला. शारजाहून माणूस येऊन हे कागद वाचतो, तर ते पुण्याहून, नागपूरहून, कोल्हापूरहूनही वाचले गेले पाहिजेत. आपल्या प्रत्येक विभागाने दरवर्षी निदान एक विद्यार्थी तिथे पाठवावा, आणि त्याने जे शोधले ते मराठीत छापावे, अशी या व्यासपीठावरून माझी आपल्या सर्वांना आग्रहाची विनंती आहे.