बंद यंत्रातील वीज

प्रयोगशाळेतील एखादे उच्च दाबाचे यंत्र बिघडले, की प्रथम त्याचे बटन बंद करतात आणि झाकण उघडतात. त्या दोन कृतींमधील अंतरातच माणसाचा जीव अडकलेला असतो. बटन बंद केल्याने नवी वीज येणे थांबते. आधी आलेली कंडेन्सरमध्ये ठाण मांडून असते. 1 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर 20,000 व्होल्टांवर भारलेला असेल, तर त्यात 200 ज्यूल ऊर्जा असते. प्राण घेण्यास ती पुरेशी आहे.

बेंजामिन फ्रँकलिनसारखा जाणता पुरुषही यातून सुटला नाही. 23 डिसेंबर 1750 रोजी विजेच्या धक्क्याने टर्की पक्षी मारावयास तो निघाला, आणि काचेच्या दोन मोठ्या भारित बरण्यांचा सारा झटका त्याच्याच देहातून गेला. भोवतालच्या मंडळींना प्रचंड लखलखाट दिसला, कडाका ऐकू आला; त्याला स्वतःला यांतले काहीच जाणवले नाही!

ही वीज निचरून जावी म्हणून कंडेन्सरला एक रेझिस्टर कायमचा जोडलेला असतो. तो 10 कोटी ओहमचा असल्यास आपल्या कंडेन्सरचा दाब 135 व्होल्टांपर्यंत उतरण्यास 500 सेकंद लागतात. परंतु तो रेझिस्टरच आतून तुटला असेल तर? यंत्र एरवी उत्तम चालते; म्हणूनच हा दोष मला सर्वांत कपटी वाटतो. यास्तव जाणता कारागीर नुसत्या घड्याळावर विसंबत नाही. जमिनीशी जोडलेला आकडा तो लांब निरोधक दांड्याने कंडेन्सरला लावतो, प्रथम रेझिस्टरमधून, नंतर थेट, आणि काम संपेपर्यंत काढीत नाही. कारण आकडा लवकर काढला, तर निरोधक पदार्थात मुरलेला विद्युत्भार हळूहळू वर येतो आणि रिकामा कंडेन्सर पुन्हा भारलेला आढळतो.

आता मूळ बिघाड. दाब चढतच नसेल, तर क्ष-किरण नलिका किंवा जे काही जोडले असेल ते सोडवून पाहावे. दाब चढला तर दोष पलीकडे; न चढला तर अलीकडे. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात पुष्कळदा धूळ व ओल हेच दोषी ठरतात. अशा वेळी झाकण लावून, दूर उभे राहून, खोलीत अंधार करावा. सूं सूं असा आवाज, ओझोनचा उग्र वास आणि फटींतून दिसणारी जांभळट प्रभा गळतीची जागा सांगतात. धूळ स्पिरिटने पुसावी आणि ते पूर्ण सुकल्याखेरीज वीज सोडू नये. बेकेलाइटवर मात्र कोळशाची काळी रेघ उमटली असेल, तर ती खरवडण्यात वेळ दवडू नये. तो तुकडाच बदलावा.

दाब मोजताना साधा मीटर थेट लावणे म्हणजे आत्मघातच. दाबाचा हजारावा अंश देणारा विभाजक मध्ये हवा. त्याच्या खालच्या रेझिस्टरचा जोड मात्र आधी तपासून घ्यावा. तो सुटला, तर संपूर्ण 20,000 व्होल्टही हातातल्या मीटरवर येऊ शकतात.