अक्षांश-रेखांशांचा छंद आणि आपला जिल्हा
(बुलढाणा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वऱ्हाडातील कोणत्याही जुन्या घराण्याच्या दप्तरात एखादे खरेदीखत जपून ठेवलेले असते, आणि त्या खतात शेताचे मोल, घेणाऱ्यादेणाऱ्यांची नावे व साक्षीदारांच्या निशाण्या यांच्या जोडीला चतुःसीमेचा मजकूर हटकून आढळतो : पूर्वेस अमक्याचा धुरा, पश्चिमेस नाला, उत्तरेस शेजारच्या मौजाची शीव, दक्षिणेस गाडरस्ता. एखादी जागा नेमकी कोणती हे सांगण्याची ही रीत आपल्या महसुली व्यवहारास शतकानुशतके पुरली. परंतु नाल्याने पात्र बदलले, शेजारचे शेत दुसऱ्याच्या नावे चढले, की कागदावरील चतुःसीमा आणि जमिनीवरील चतुःसीमा यांचा मेळ बसेनासा होई, आणि मग दिवाणी कज्ज्यांत दोन-दोन पिढ्या खर्ची पडत. दुसरी रीत आहे ती शेजाऱ्यांची साक्ष न काढता आकाशाची साक्ष काढणारी. आपल्या ज्योतिर्विदांनी लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी रेषा पृथ्वीची मध्यरेषा मानली आणि तेथून पूर्वपश्चिम अंतरे मोजली. आपले बुलढाणे त्या रेषेच्या पूर्वेस पन्नास किलोमीटरांच्या आतच बसते. पुढे इंग्रजी अमदानीत विल्यम लॅम्टन या अधिकाऱ्याने दक्षिणेकडून त्रिकोणांची साखळी जोडीत हिंदुस्थानची मोजणी चालविली, आणि ते काम चालू असतानाच जानेवारी १८२३ मध्ये आपल्या विदर्भातील हिंगणघाट येथे त्याचा देह पडला. त्याच साली अलेक्झांडर नावाच्या दुसऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याने लोणारच्या विवराची नोंद केली, त्याकडे मी मागाहून वळणार आहे.

ही दुसरी रीत, जी राजसत्तेच्या आणि पंडितांच्या हातची होती, ती आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये येऊन बसली आहे, आणि तिच्यातून एक निर्वेध आनंदाचा छंद जन्मास आला आहे. त्यास जिओकॅशिंग म्हणतात. त्याची जन्मकथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. अमेरिकेच्या लष्कराने अंतराळात फिरत ठेवलेल्या उपग्रहांच्या संदेशांत सामान्य नागरिकांसाठी मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे दाखविलेली जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे होई. मे २००० च्या आरंभी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हुकुमाने ती चूक काढून टाकण्यात आली, आणि लगोलग, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक काळी प्लॅस्टिकची बादली ठेवली, तीत काही पुस्तके, एक गलोल, शेंगबियांचा एक डबा असे किरकोळ सामान आणि एक नोंदवही घातली, आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करून लोकांस आवाहन केले की, शोधा, त्यातील काही घ्या, काही ठेवा, आणि वहीत नोंद करा. काही दिवसांतच ती बादली सापडली. आज असे तीस लाखांवर डबे जगाच्या सर्व खंडांत विखुरलेले आहेत. अर्थात बीज याहून जुने आहे : इंग्लंडातील डार्टमूरच्या माळावर १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एका दुर्गम दलदलीशी बाटली ठेवली होती, आणि तेथवर चालत जाणारे प्रवासी तीत आपले नामपत्र टाकून येत.

आकड्यांनी मनुष्य जागेवर कसा पोहोचतो, हे समजल्यावाचून या छंदाची गोडी कळावयाची नाही. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर हे उपग्रह फिरत असतात आणि प्रत्येक जण आपल्या आण्विक घड्याळाची वेळ सतत कळवीत असतो. संदेशास पोहोचण्यास किती वेळ लागला त्यावरून अंतर निघते, आणि निदान चार उपग्रह दृष्टिपथात असले म्हणजे आपली जागा निश्चित होते. सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी जमिनीवर तीनशे मीटरांचा फरक पडतो, इतके हे गणित नाजूक आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, आणि अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक मिनिट, सुमारे १.८५ किलोमीटर. आपले लोणारचे विवर काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. म्हणजे दक्षिण काठावर उभा राहिलेला मनुष्य समोरच्या उत्तर काठाकडे पाहतो तेव्हा पृथ्वीच्या अक्षांशातील जवळजवळ अखंड एक मिनिट त्याच्या डोळ्यांपुढे पसरलेले असते. ज्या शिक्षकांस भूगोलाच्या तासाला अंश व मिनिटे मुलांच्या गळी उतरविताना प्रयास पडतात, त्यांनी एकदा वर्ग तेथे उभा करावा. छंदाच्या नोंदीत मिनिटाचा हजारावा भागही लिहितात, आणि तो भाग जेमतेम १.८५ मीटरांचा भरतो.

परंतु उघड्या आकाशाखालीही खिशातील यंत्र तीन-चार मीटर इकडेतिकडे होतेच, दाट झाडीत किंवा कड्याच्या आडोशाला त्याहून अधिक. आणि माझ्या मते या छंदाचे सारे मर्म त्या चुकीत आहे. यंत्र तुम्हांस शेवटच्या दहा-वीस पावलांपर्यंत आणून सोडते आणि तेथून पुढे डोळे, स्मृती आणि धीर यांवरच भिस्त ठेवावी लागते. मुलीकडे परमुलखात गेलो असता नातवाने मला एका कालव्याच्या पुलापाशी नेऊन उभे केले; मोबाइलचा बाण आता कोणतीच दिशा दाखवीत नव्हता, गोल गोल फिरत होता, आणि आम्ही आजा-नातू कठड्याचा प्रत्येक दगड, प्रत्येक खिळा निरखू लागलो. कठड्याच्या लोखंडी पट्टीखाली, मागल्या बाजूस, लोहचुंबकाने चिकटविलेली अंगठ्याएवढी डबी त्याच्या बोटांना लागली. तीत घट्ट गुंडाळलेली कागदाची एक पट्टी होती आणि तिच्यावर तारखा व सह्या, कोणाची शाई ओलीने पसरलेली, कोणाची पेन्सिल पुसट. आम्ही आपली सही केली आणि डबी जशीच्या तशी जागेवर लावली. त्या पुलावर काय बघण्यासारखे आहे असे प्रवासाच्या मार्गदर्शिकेस विचारले असते तर तिने मौन धरले असते. मला मात्र तो पूल, त्याच्या कमानीतील दगडांची जोडणी आणि खालून संथ जाणारी होडी अजून डोळ्यांपुढे दिसते.

प्रवासात हा छंद जे करतो ते एवढेच, की परक्या गावातील एखाद्या रहिवाशाने आपल्या आवडीचा कोपरा तुमच्यासाठी निवडून ठेवलेला असतो आणि तुम्ही त्याच्या निवडीच्या पाठोपाठ जाता. घरी तो याहून अधिक करतो. आपल्याच तालुक्यातील जागा आपण न पाहता जगतो. मेहकरचा मनुष्य १८८८ साली जमिनीखालून प्रकट झालेल्या शार्ङ्गधर बालाजीस हात जोडील, पण कंचनीच्या महालाकडे त्याचे पाऊल क्वचितच वळते. सिंदखेडराजास जिजाऊसाहेबांच्या जन्मस्थानी आपण उत्सवाच्या दिवशी गर्दीने जातो, आणि त्यांच्या वडिलांच्या, लखुजी जाधवरावांच्या, समाधीची दगडी इमारत इतर दिवशी एकटीच उभी असते. डिसेंबर २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातील एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून आपल्या ज्ञानगंगेच्या जंगलात येऊन पोहोचला, आणि गळ्यातील पट्ट्यामुळे त्याचे स्थान उपग्रहांमार्फत वेळोवेळी नोंदले जात होते म्हणून आपल्यास त्याची वाट कळली : कोणत्या नाल्याने तो उतरला, कोणत्या शेताच्या कडेने रात्री गेला. त्या वाघाने आपल्या मुलखाचा जो तपशील पायांखाली घातला, त्याचा शतांशही आपण घातलेला नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

तथापि हा छंद आहे तसा उचलून आपल्या जिल्ह्यात आणावा असे माझे म्हणणे नाही, आणि येथे मला जरा विस्ताराने बोलू द्या. आपल्या भागात पडक्या वाड्यात किंवा जुन्या देवळामागे हातात यंत्र घेऊन कोणी काही धुंडाळताना दिसला, की गुप्तधनाची शंका प्रथम येते, आणि ती अगदीच निराधार नसते. गुप्तधनाच्या लोभाने मूर्ती उखडल्या गेल्या आहेत, भोंदूंच्या नादी लागून घरेदारे बुडाली आहेत, आणि याहून अघोर प्रकारही घडले आहेत, म्हणूनच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने त्यांस पायबंद घातला. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेले दहा रुपयांवरील धन कलेक्टरास कळविणे बंधनकारक आहे. जून २०२४ मध्ये सिंदखेडराजास लखुजींच्या समाधीच्या जतनाचे काम चालू असता पुरातत्त्व खात्यास जमिनीखाली शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती आढळली. अशा जागी कुदळ ही केवळ जाणकाराच्या आणि सरकारी परवान्याच्याच हाती शोभते. जिओकॅशिंगचा मूळ नियमच असा आहे की डबा जमिनीत पुरावयाचा नाही, तो शोधण्यास खोदावे लागता कामा नये, आणि ज्याची जागा त्याची इजाजत हवी. परंतु नियम चांगला असला तरी तो गावातील प्रत्येकास कोण समजावून सांगणार? शिवाय आपल्या स्थानकांवर बेवारस वस्तूस हात लावू नका अशी घोषणा अहोरात्र चालू असते; अशा काळात पुलाखाली ठेवलेली अनोळखी डबी पोलीस पाटलाच्या आणि ठाण्याच्या मागे नसता व्याप लावील. तेव्हा डबा ठेवावयाचाच झाला तर तो स्वतःच्या शेताच्या धुऱ्यावर, शाळेच्या आवारात, वाचनालयाच्या कट्ट्याशी, जबाबदार माणसाच्या संमतीने ठेवावा आणि त्यावर काय आहे ते मराठीत स्पष्ट लिहावे.

आपल्यास खरोखर अनुरूप आहे तो या छंदाचा दुसरा प्रकार. २००४ पासून अमेरिकेच्या भूशास्त्र परिषदेच्या सहकार्याने तो चालू झाला. त्यात डबा नसतोच. अक्षांश-रेखांश देतात, आणि त्या जागी उभे राहिल्यावाचून उत्तर देता येणार नाही असे दोन-चार प्रश्न देतात. भूमीस धक्का लागत नाही, काही ठेवावयाचे नाही, काही न्यावयाचे नाही. उत्तर बरोबर आले की भेट नोंदली गेली. लोणारसारख्या स्थळी, जे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतील पाणथळ आहे, याखेरीज दुसरा प्रकार मी कदापि मान्य करणार नाही. आणि प्रश्न विचारावेत तर लोणारला! एकोणिसाव्या शतकातील पंडितांनी त्यास ज्वालामुखीचे मुख मानले होते, आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तेथील दगडांत प्रचंड आघाताने काच बनलेली खनिजे दाखवून उल्कापाताचा निर्णय भक्कम केला. हे वाचून माहीत असणे निराळे, आणि काठाशी उभे राहून त्याचा पुरावा स्वतःच्या डोळ्यांनी ओळखणे निराळे.

म्हणून काही प्रश्न मी आजच मांडतो. पहिला : दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर आपल्या सर्व घाटांत आडवे, सपाट दिसतात, विवराच्या काठाशी तेच थर कोणत्या बाजूस कललेले आहेत, आत की बाहेर? उत्तर पाहिले की जमीन आतून उचलली जाऊन बाहेर उलटली, हे लहान मुलासही सांगावे लागत नाही. दुसरा : त्या थरांच्या माथ्यावर, त्यांची रचना सोडून, दगडमातीचा जो अस्ताव्यस्त ढीग आहे तो कोठून आला? तिसरा प्रश्न धार नावाच्या झऱ्यापासून सुरू होतो. गोमुखातून गोड पाणी अखंड पडते आणि तळाशी सरोवर मात्र क्षाराने भरलेले. खाली उतरताना झाडी कोणत्या ठिकाणी पालटते, आणि पाण्याच्या कडेला कोणते झाड उभे राहूच शकत नाही? चौथ्यासाठी सोबत हळदीत भिजवून वाळविलेली कागदाची पट्टी असावी. तिचे टोक सरोवराच्या पाण्यास लावले की पिवळा रंग बघताबघता तांबूस होतो, ज्या गुणधर्मावर हळदीचे कुंकू बनते तोच हा गुणधर्म. मग त्याच पट्टीची दुसरी बाजू धारेच्या पाण्यात बुडवून काय होते ते लिहावे, आणि पट्टी परत खिशात घालून घरी आणावी. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दाखविले; ज्याने हळदीची पट्टी स्वतः बुडविली आहे त्यास तो निर्णय अधिक जवळचा वाटेल. पाचवा प्रश्न अंबर तळ्यापाशी, झोपलेल्या मारुतीच्या देवळाजवळ : त्या तळ्याच्या लहान खोलगटाचा काठ मोठ्या विवराच्या काठासारखा आहे काय? यास एकच उत्तर नाही, तज्ज्ञांतही मतभेद आहेत, आणि त्याचसाठी तो प्रश्न ठेवावा असे मला वाटते. विवराचे वयही कोणी बावन्न हजार वर्षे सांगतो, तर पुढे झालेल्या एका मापनाने ते पावणेसहा लाखांच्या घरात नेले.

वन विभागाच्या स्थानिक अधिकाऱ्यांस भेटून, उतरण्याच्या कोणत्या वाटा मोकळ्या आहेत हे विचारून, या प्रश्नांची मराठीत छापील पत्रिका करावी, आणि ती तालुक्यातील शाळांत वाटावी, असा माझा मनोदय आहे. उन्हाळ्यात ही पायपीट मुलांस झेपणार नाही आणि पावसाळ्यात थर हिरवळीखाली झाकलेले असतात, सबब मार्गशीर्ष-पौषाचे दिवस त्यास योग्य. ज्या शिक्षकांस आपल्या शाळेचा वर्ग पहिल्या फेरीत आणावयाचा असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर मंचाशी ठेवलेल्या वहीत शाळेचे नाव आणि वर्गातील मुलांची संख्या लिहून जावे, म्हणजे हळदीच्या पट्ट्या किती कराव्यात याचा हिशेब मला करता येईल.