छपराचे पाणी
(ज्युबिली समारंभातील भाषण)



या मंगल समयी मंदिराच्या बांधकामाचा, देणग्यांचा व आमच्या पूर्वीच्या धर्मगुरूंच्या श्रमांचा वृत्तांत आपण ऐकलात. तो यथायोग्यच झाला. आता ज्या घरांतून आपण येथे येता, त्या घरांविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

आपल्या धर्मप्रांताची स्थापना 1887 साली झाली आणि नागपूरचे कॅथेड्रल संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचे आहे, हे मुलेही जाणतात. परंतु हे संत कायद्याचे पंडित होते, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. पादुआ येथे 1591 साली त्यांनी रोमन कायदा व धर्मसंस्थेचा कायदा या दोहोंची डॉक्टर ही पदवी मिळविली. त्या रोमन कायद्यात, जस्टिनियन बादशहाच्या 533 सालच्या संहितेत, छपरावरून शेजाऱ्याच्या जागेत गळणाऱ्या पाण्याचाही विचार केलेला आहे. तेव्हा आमच्या बोळातले भांडण काही नवे नव्हे!

त्याची हकीकत दोन्ही घरांच्या संमतीने, नावे न घेता सांगतो. एक घर रेल्वेतून निवृत्त झालेल्या वृद्ध गृहस्थांचे, दुसरे एका विधवा बाईंचे. चाळीस वर्षे एका कौलांच्या पागोळ्या दुसरीच्या अंगणात गळत. बाई त्याखाली हंडा ठेवीत व त्या पाण्याने भांडी घाशीत. पुढे मुलांनी कौले काढून स्लॅब टाकला व सर्व पाणी एका पाइपाने सोडले. जूनच्या पहिल्याच सरीत ते बाईंच्या स्वयंपाकघरात शिरून डाळीचे पोते भिजले. बाईंनी विटांचा बांध घातला. पाणी उलटून वृद्धांच्या पायाशी साचले. मग पोलीस ठाणे झाले, महानगरपालिकेत अर्ज झाले. पुढल्या मे महिन्यात, जो पवित्र मरियेचा महिना, गल्लीची जपमाळ दोन ओट्यांवर वेगवेगळी होऊ लागली, आणि प्रत्येक ओटा दुसऱ्याहून मोठ्या आवाजात म्हणू लागला.

वृद्ध गृहस्थ कायद्याचे पुस्तक घेऊन आमच्याकडे आले. 1882 सालचा सुविधाधिकाराचा कायदा मुंबई इलाख्यात 1891 साली आला, पण आमच्या मध्य प्रांतात तो पहिल्यापासून होता. त्याच्या पंधराव्या कलमात वीस वर्षांच्या निर्वेध वहिवाटीने असा हक्क मिळतो. आम्ही ते वाचले आणि म्हणालो, "बाबा, हक्क तुमचाच आहे."

हे वाक्य आम्ही उच्चारावयास नको होते. आठच दिवसांनी तेविसावे कलम पाहिले. वहिवाटीची रीत बदलता येते, परंतु शेजाऱ्यावरचा भार वाढविता येत नाही. तेथे उदाहरणही छपराच्या पाण्याचेच आहे. पण तोवर "फादरच म्हणाले" हे शब्द गल्लीभर फिरले होते आणि दावा दाखल झाला होता.

आम्ही धावत गेलो, आपली चूक कबूल केली. वृद्ध म्हणाले, "पाइप फिरवतो, पण आधी तिने विटा काढाव्या." बाई म्हणाल्या, "आधी पाइप." या आधी-आधीत पावसाळा संपला. रविवारी मिस्सामध्ये शांतीची खूण देण्याची वेळ आली की दोन्ही घरे माना विरुद्ध दिशांना वळवीत, आणि वेदीवरून ते पाहणाऱ्या आमचा हात जड होई.

हिवाळ्यात वृद्ध वारले. दफनाच्या वेळी मूठभर माती हाती घेऊन बाई आमच्यापाशी आल्या. "फादर, आता समेट कोणाशी करू?"

अर्पण वेदीपाशी ठेवून आधी बंधूशी समेट करावा, ही प्रभूची आज्ञा मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. सेमिनरीत ती आम्ही शिकलो, कितीदा शिकविलीही. तो बंधूच उरला नाही तर काय, याचे उत्तर त्या क्षणी आम्हांस सुचले नाही. आम्ही गप्प राहिलो. बाईंनी माती टाकली व निघून गेल्या.

आठवड्याने त्यांनी विटा स्वतः काढल्या, थेंबभर पाणी नसताना. थोरला मुलगा ते पाहत उभा होता. त्याने मजूर आणून पाइप नालीकडे वळविला; नालीपर्यंतच्या खर्चात बाईंनी निम्मा वाटा देऊ केला, तो त्याने घेतला नाही. दावाही काढून घेतला.

या मे महिन्यात जपमाळ पुन्हा एकाच ओट्यावर झाली. कोणाच्या ओट्यावर व्हावी, यावरून पहिल्या दिवशी थोडी बाचाबाची झाली म्हणतात.