पेशीच्या श्वासाची लहान प्रतिकृती



श्वासावाटे घेतलेला बहुतेक प्राणवायू अखेर एकाच विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, स्वाधीन होतो. सायटोक्रोम ऑक्सिडेझ हे त्याचे नाव. लोह व तांबे यांच्या साहाय्याने ते प्राणवायूचे पाणी करते आणि त्यातील ऊर्जा पेशीच्या उपयोगी पडते. सायनाइड नेमके येथेच चिकटते; म्हणून रक्तात प्राणवायू असूनही रुग्णाच्या पेशी गुदमरतात.

अशा विकराचे कार्य जाणून घेणे वैद्यकाला अगत्याचे आहे. परंतु ते सोपे नाही. १९९५ साली जपानी शास्त्रज्ञांनी गोवंशाच्या हृदयातील या विकराची रचना उलगडली, तेव्हा त्यात १३ प्रथिनसाखळ्या आढळल्या. एवढ्या पसाऱ्यात अत्यावश्यक काय आणि आनुषंगिक काय, हे कसे ठरवावे?

इलिनॉय विद्यापीठात यी लू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालाच्या सुमारास निराळा मार्ग धरला. स्नायूंत प्राणवायू साठवणारे मायोग्लोबिन हे साधे प्रथिन त्यांनी निवडले. त्यात १५३ अमिनो आम्ले आणि लोहयुक्त हीम असते. जनुकात बदल करून त्यांनी २९ व ४३ या स्थानी हिस्टिडीन बसविले; ६४व्या स्थानी ते मूळचेच होते. या तिघांमध्ये तांब्याला जागा झाली. रचना साधली, तरी कार्य मनाजोगे होईना. २०१२ साली शेजारी टायरोसिन बसविल्यावर मात्र एकेका रेणूने हजाराहून अधिक वेळा प्राणवायूचे पाणी केले आणि अपायकारक उपपदार्थ अल्पच निघाले. मूळ विकरातही तेथे टायरोसिन असते. त्याचे महत्त्व असे प्रत्ययास आले. २०१५ साली इलेक्ट्रॉन जलद पोहोचविण्याची सोय केल्यावर वेगही एका नैसर्गिक विकराच्या बरोबरीला आला.

तात्पर्य, गुंतागुंतीची यंत्रणा केवळ न्याहाळून कळत नाही. तिचे मर्म लहान प्रमाणावर स्वतः घडवून पाहावे लागते. जो भाग घातल्याने कार्य सुरू होते, त्याचीच आवश्यकता सिद्ध होते.

या प्रयोगांतून कोणतेही औषध लगेच हाती आले नाही. पंधरा वर्षांच्या श्रमांतून मिळाले ते ज्ञान. आपण मुलामुलींना डॉक्टर वा इंजिनिअर होण्याचा आग्रह करतो, तो योग्यच आहे. परंतु एखादीला अशा एकाच प्रश्नामागे प्रयोगशाळेत आयुष्याची उमेदीची वर्षे घालवावीशी वाटली, तर तिला ‘याचा उपयोग काय?’ असे विचारून परावृत्त करू नये, एवढीच माझी विनंती आहे. उद्याच्या डॉक्टरांचे ज्ञान तिच्याच हातून घडणार आहे.