मूल, कुत्रा आणि तिसरे माणूस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



बालवाङ्मयावर काहीतरी बोला, असे आपल्या कार्यवाहांनी मला सांगितले तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी साहित्याचा अभ्यासक नव्हे. परंतु मग एक गोष्ट मनात आली. महाराष्ट्रापासून दूर राहणारी आपण मंडळी पुण्यामुंबईहून परतताना मुलांसाठी आवर्जून मराठी पुस्तके आणतो. ती आपण वाचलेली असतात, म्हणून त्यांच्याविषयी मुलांशी बोलताही येते. पण हीच मुले शाळेच्या ग्रंथालयातून जी इंग्रजी पुस्तके आणतात, ती आपण बहुधा उघडूनही पाहत नाही. मूल एखाद्या रात्री उशीत तोंड खुपसून रडते आणि आपल्याला कारण कळत नाही. असे रडवणाऱ्या पुस्तकांत एक मोठे दालन आहे ते मूल आणि कुत्रा यांच्या स्नेहाच्या कादंबऱ्यांचे. आज मी त्यांतील चार कादंबऱ्यांविषयी बोलणार आहे.

या कादंबऱ्या म्हणजे मुक्या प्राण्याच्या इमानाच्या गोष्टी, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो खोटा नाही, परंतु अपुरा आहे. माझ्या मते या प्रत्येक गोष्टीत मूल आणि कुत्रा यांच्याखेरीज एक तिसरे माणूस असते. ते म्हणजे घरातले वडीलधारे. कुत्रा आणायचा की नाही, ठेवायचा की विकायचा, हे ठरवणारे तेच. कुत्रा मुलावर प्रेम करतो, मूल कुत्र्यावर प्रेम करते. यात प्रश्न असा कोणताच नाही. खरी परीक्षा असते ती त्या तिसऱ्या माणसाची.

पहिली कादंबरी 'लॅसी कम-होम', १९४० सालची. लेखक एरिक नाइट. हा जन्माने इंग्लंडच्या यॉर्कशरचा. पोरवयात गिरण्यांतून राबलेला आणि पुढे अमेरिकेत गेलेला. १९४३ साली, म्हणजे याच कादंबरीवरचा चित्रपट निघाला त्याच वर्षी, तो विमान-अपघातात मरण पावला. चित्रपट व दूरचित्रवाणी-मालिका यांमुळे लॅसी हे नाव जगभर झाले. पण पडद्यावरची लॅसी पाहून मूळ पुस्तकाची कल्पना येत नाही. पुस्तकाच्या आरंभी आहे ती बेकारी. कोळशाची खाण बंद पडलेली, सॅम कॅरक्लॉ हा खाणकामगार घरी बसलेला आणि घरात खायला पुरेसे नाही. अशा वेळी तो आपली देखणी कोली कुत्री गावच्या धनाढ्य ड्यूकला विकतो. रोज दुपारी चार वाजता शाळेच्या फाटकाशी आपली वाट पाहणारी लॅसी एके दिवशी जोला तेथे दिसत नाही. कथा येथून सुरू होते.

लॅसी पुनःपुन्हा पळून घरी येते, आणि पुनःपुन्हा तिला परत नेऊन द्यावे लागते. विकलेली वस्तू आपली नव्हे, हे सॅमला मुलाला समजवावे लागते. गरिबाजवळ सचोटीखेरीज दुसरे काय उरते, या भावनेने तो मन घट्ट करतो. पुढे ड्यूक तिला स्कॉटलंडला नेतो. तेथून सुटून ती शेकडो मैल चालत, उपाशी व जखमी अवस्थेत, एके दिवशी शाळेच्या फाटकाशी येऊन पडते. आता गंमत पाहा. इतका सचोटीचा तो बाप. पण या वेळी तो स्वतःच लॅसीचे रूप पालटून तिला एक गावठी कुत्री बनवतो आणि ड्यूकसमोर उभी करतो. ड्यूक श्वानांचा जाणकार. तिचे चालून चालून फाटलेले पंजे हातात घेऊन तो पाहतो, सर्व काही ओळखतो आणि म्हणतो, ही कुत्री माझी नव्हे. शिवाय सॅमला आपल्या कुत्र्यांची देखभाल करण्याचे काम देतो. दोन वडीलधारी माणसे, दोघेही अक्षरशः पाहिले तर असत्य वागतात, आणि तरीही वाचकाला वाटते की न्याय झाला. कायद्याने कुत्रा एकाचा असतो आणि धर्माने दुसऱ्याचा. हे कोडे दहा वर्षांच्या वाचकापुढे ठेवायला लेखक कचरत नाही.

दुसरी कादंबरी अमेरिकेतील विल्सन रॉल्स यांची 'व्हेअर द रेड फर्न ग्रोज'. हे पुस्तक १९६१ सालचे. त्याच्या जन्माची कथाच मोठी विलक्षण आहे. रॉल्स हे ओक्लाहोमाच्या डोंगराळ भागात गरिबीत वाढले आणि सुतारकाम वगैरे मिळेल ते काम करीत हिंडले. चोरून लिहीत राहिले. परंतु आपल्या लेखनाची त्यांना इतकी लाज वाटे की लग्नाच्या आधी त्यांनी सारी हस्तलिखिते जाळून टाकली. पुढे पत्नीला हे कळले तेव्हा तिने आग्रह धरला आणि त्यांनी ही कथा आठवून अवघ्या तीन आठवड्यांत पुन्हा लिहून काढली.

कथेतील बिली या मुलाला शिकारी कुत्र्यांची जोडी हवी असते. बापाजवळ पैसे नाहीत. बाप ते सरळ सांगतो. मग हा मुलगा एका रिकाम्या डब्यात दोन वर्षे नाणी साठवतो. मासे, भाजी, रानातली फळे, कातडी, जे विकता येईल ते विकतो. पन्नास डॉलर जमतात तेव्हा तो डबा घेऊन आपल्या दुकानदार आजोबांकडे जातो. तेवढ्यात पिलांची किंमत उतरलेली असते आणि दहा डॉलर शिल्लक राहतात. त्या दहा डॉलरांतून तो स्वतःसाठी काही घेत नाही. आईला कापड, वडिलांना कामाचे कपडे आणि बहिणींना खाऊ घेतो. कुत्री अजून हातात आलेली नाहीत, तोच कुत्र्यांनी त्याला घडवले आहे. पुढे डोंगरी सिंहाशी झुंजताना एक कुत्रा प्राणघातक जखमी होतो आणि त्याच्या वियोगाने दुसरी कुत्री अन्न सोडून मरते. तो भाग वाचताना मोठ्या माणसांचीही अक्षरे पुसट होतात. पण माझ्या मनात अधिक राहिला आहे तो नातवाने दोन वर्षे जमवलेली नाणी मोजताना हेलावून जाणारा म्हातारा. आपल्या मुलांना आपण मागितलेली वस्तू त्याच संध्याकाळी आणून देतो; दोन वर्षे वाट पाहण्याचे ऐश्वर्य मात्र देत नाही.

तिसरे पुस्तक फ्रेड गिप्सन यांचे 'ओल्ड येलर', १९५६ सालचे. काळ १८६० नंतरचा, प्रदेश टेक्सासचा. बाप गुरांचा तांडा घेऊन दूर कॅन्सासला गेलेला. जाताना तो चौदा वर्षांच्या ट्रॅव्हिसला सांगतो की, आता घरचा पुरुष तू. घरात आई व धाकटा भाऊ. एक चोरटा, बेवारशी, पिवळा कुत्रा येतो. प्रथम नकोसा होतो, मग अस्वलापासून धाकट्याचा जीव वाचवतो आणि घरचाच होतो. शेवटी एका पिसाळलेल्या लांडग्याशी झुंजून तो आईला वाचवतो, परंतु त्याला चावे बसलेले असतात. पाश्चरची लस निघाली १८८५ साली. कथेचा काळ त्याच्या आधीचा. पिसाळलेल्या जनावराच्या चाव्याला त्या काळी उपाय नव्हता, आणि ज्याने घर राखले त्याच्यापासूनच आता घराला भय. ट्रॅव्हिसला स्वतःच्या हाताने आपल्या कुत्र्याला गोळी घालावी लागते. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, ही धास्ती घेऊन वाढलेल्या आपल्या पिढीला हा प्रसंग परका वाटणार नाही.

मात्र मला जे सांगायचे आहे ते त्यानंतरचे. बाप परत येतो. मुलासाठी घोडा आणलेला असतो. घोडा देऊन तो मुलाला गप्प करू शकला असता. पण तो तसे करीत नाही. तो मुलाजवळ बसतो आणि ही गोष्ट विसर, असे न सांगता उलट ही विसरण्याजोगी गोष्टच नव्हे हे मान्य करतो. आयुष्य माणसाला कधीकधी विनाकारण आपटते. तेवढ्यासाठी उरलेले चांगले आयुष्य नासवू नये, एवढेच त्याचे सांगणे. राम पटवर्धनांनी 'पाडस' या नावाने मराठीत आणलेली मार्जोरी रॉलिंग्ज यांची कादंबरी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. तिच्यात कुत्र्याच्या जागी हरणाचे पाडस आहे, पण तेथेही अखेरीस बाप मुलाशी असाच खरे बोलतो.

चौथे पुस्तक इंग्लंडचे, फिलिपा पिअर्स यांचे 'अ डॉग सो स्मॉल', १९६२ सालचे. शहरात, गाळ्यांतून व सदनिकांतून राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे सर्वांत जवळचे वाटेल. लंडनच्या बेनला आजोबांनी वाढदिवसाला कुत्रा देण्याचे वचन दिलेले असते. वाढदिवशी येते ते लोकरीने भरलेले एका चिमुकल्या कुत्र्याचे चित्र. आजोबा दुष्ट नाहीत. त्यांना ऐपत नाही, नातवंडे पुष्कळ आणि लंडनमध्ये कुत्रा ठेवायला जागा कोठे? परंतु वचन मोडलेले असते. बेन मग डोळे मिटून मनातच एक कुत्रा पाळू लागतो. इतका चिमुकला की तो फक्त मिटल्या डोळ्यांनाच दिसावा. त्या नादात तो भर रस्त्यात वाहनाखाली सापडतो. पुढे त्याला खरा कुत्रा मिळतो, तेव्हा तो स्वप्नातल्यासारखा नाही म्हणून बेन त्याला झिडकारतो आणि संध्याकाळच्या अंधारात, माळावर, घाबरून दूर उभ्या राहिलेल्या त्या कुत्र्याला अखेर हाक मारतो. मोडलेल्या वचनाचे मोल घरात कोणाला आणि कसे द्यावे लागते, हे इतक्या हळुवारपणे सांगणारे दुसरे पुस्तक मी वाचलेले नाही.

आता, हे तिसरे माणूस माझ्या डोळ्यांत का भरले, ते सांगणे मला प्राप्त आहे. एका गावी आम्ही सरकारी वसाहतीत राहत असताना व्हरांड्यात एक पिल्लू आले. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. त्याने नाव ठेवले मोती. तीन वर्षे दोघे एकत्र वाढले. मग माझी बदली झाली. नव्या गावी चौथ्या मजल्यावरची जागा मिळाली आणि तेथे कुत्रे ठेवण्यास मनाई होती. मोतीला मी एका सहकाऱ्याकडे सोपवले आणि मुलाला सांगितले, "दिवाळीत जाऊन घेऊन येऊ." हे बोलताना मला पुरते ठाऊक होते की आपण जाणार नाही. दिवाळी आली. मी कामाची सबब सांगितली. त्यानंतर काही दिवसांनी कळले की मोती त्या घरी राहिलाच नव्हता. तो आमच्या जुन्या घराच्या व्हरांड्यात येऊन बसे, आणि पुढे कोठे गेला ते कोणालाच समजले नाही. मुलाने विचारले की मी सांगे, "मजेत आहे." हळूहळू त्याने विचारणे सोडले. मी समजलो, विसरला.

मुलगा महाविद्यालयात गेल्यावर एकदा मी घरात 'लॅसी' वाचत बसलो होतो. ते पुस्तक त्याचेच होते. तो म्हणाला, "बाबा, मोती गेल्याचे मला त्याच वर्षी कळले होते. तिकडच्या मित्राने सांगितले होते." मी विचारले, "मग बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "तुम्हाला वाईट वाटले असते."

बंधुभगिनींनो, अकरा वर्षांचे मूल बापाला सांभाळून घेत होते, आणि बापाला वाटत होते की आपण मुलाला सांभाळतो आहोत. कुत्रा सोडावा लागला, याचा मी स्वतःला फारसा दोष देत नाही. सॅम कॅरक्लॉलाही लॅसी विकावी लागली होती. पण सॅमने मुलाला खरे सांगितले होते. मी सांगितले नाही, एवढाच काय तो आम्हा दोघांतला फरक; आणि तो थोडा नव्हे.

ही पुस्तके आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले, आणि धर्मराजाबरोबर उरला तो एक कुत्रा. इंद्राने रथ आणला आणि कुत्र्याला मागे सोडून चल म्हटले. युधिष्ठिराने स्वर्ग नाकारला, विश्वासाने आलेल्याचा त्याग नाकारला. त्या कुत्र्याच्या रूपात प्रत्यक्ष धर्म होता, हे त्याला तोवर ठाऊक नव्हते. आपल्याही पुढे तो असाच, न सांगता उभा राहतो. कधी कुत्र्याच्या रूपाने, कधी एखाद्या मुलाच्या प्रश्नाच्या रूपाने.

म्हणून आज माझी विनंती एवढीच. आपली मुले जी पुस्तके वाचतात ती आपणही वाचावीत. कुत्रा मरतो म्हणून ते पान गाळू नये, शेवट गोड करून सांगू नये. आपल्यापैकी पुष्कळांच्या नशिबी बदल्या आहेत. मुलांना दर तीन-चार वर्षांनी घर, शाळा, मित्र आणि कधी एखादा मोती मागे टाकावा लागतो. ते आपण टाळू शकत नाही. परंतु निघताना त्यांच्याजवळ बसून खरे काय ते सांगणे, एवढे आपल्या हाती आहे.