इसवी सन ७९



इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली रोमन साम्राज्यातील पाँपेई नगर गाडले गेले. १९३८ साली तेथे भारतात घडलेली हस्तिदंताची स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती मराठवाड्यात तेरलाही मिळाली आहे. व्यापार दुहेरी होता. आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती निघाली. ती टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावी.

कार्ल्याच्या बौद्ध लेण्यात स्तंभदान करणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आहेत. हस्तिदंत कोरणाऱ्या आपल्या कारागिराचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही. तरी त्याचे काम इ. स. ७९ च्या आधीचे, एवढी साक्ष ती राख देते. राजांच्या सनावळ्या पाठ करताना अशा निनावी हातांचा विसर पडू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.