तपासणी दोघांची

(घाटनांदूर येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आधी माझी चूक सांगते. लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नाही म्हणून एक बाई माझ्याकडे आली. मी समाजकार्यात एम.ए. झालेली, तरी तिलाच घेऊन दवाखान्याच्या फेऱ्या मारल्या. रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे. त्यासाठी तिनं डोरलं गहाण टाकलं. दीड वर्षानं कळलं की तिच्यात काही दोष नाही. नवऱ्याला तपासा, असं ना डॉक्टर म्हणाले, ना मी. तोवर सासू पाहुण्यांत दुसरी मुलगी बघत होती आणि ओटी भरायला हिला कुणी बोलवत नव्हतं.

मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं किंवा बाईच्या कारणाबरोबर. शब्द मात्र 'वांझ'. पुरुषासाठी तसा शब्द आपल्या तोंडी कधी येतो का? पुरुषाची ताकद वेगळी आणि वीर्यातले शुक्रजंतू वेगळे, हे त्यांना समजावून सांगावं लागतं. वीर्यतपासणीला चिरफाड नाही, भूल नाही. दोन ते सात दिवस संबंध टाळायचा आणि नमुना द्यायचा. म्हणून ती आधी करायची.

दोघं एकत्र राहून वर्षभरात दिवस गेले नाहीत तर डॉक्टरकडे जावं. बाई पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांत. पाळी तीन-तीन महिने येत नसेल तर वाट पाहूच नका. नवरा पुण्याला आणि बाई गावात असेल, तर ते वर्ष धरायचं नाही. अठ्ठावीस दिवसांच्या पाळीत साधारण चौदाव्या दिवसाच्या आसपास बीज सुटतं आणि जेमतेम एक दिवस टिकतं.

नळ्या बंद होण्याचं एक कारण क्षय. खोकला नसतानाही गर्भाशयाला, नळ्यांना क्षय होतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. दुसरं कारण ओटीपोटातला जंतुसंसर्ग. ऊसतोडीला गेलेल्या बायांना हे वेगळं सांगायला नको. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, अंगावरून जात असलं तरी खाडा परवडत नाही. दुखणं अंगावर काढलं जातं.

आणि मग कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आपल्या बीड जिल्ह्याचे आकडे आले. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पिशवी गेली की पोटी मूल होणं संपलं. कुणी असा सल्ला दिला तर आंबेजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दुसरं मत घ्या. मूल होत नाही म्हणून जाल तेव्हाही आधी तिथेच जा, टेस्ट ट्यूबच्या जाहिरातीकडे नंतर बघा. जुने कागद सोबत न्या, नाहीतर त्याच तपासण्या पुन्हा होतात. कारखाना सुरू झाला की सहा महिने उपचार तुटतो. म्हणून उचल घेण्याआधी डॉक्टरांना तारखा सांगून ठेवा.

आणखी एक. पहिली बायको असताना दुसरं लग्न १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं गुन्हा आहे. 'तिची संमती आहे' म्हणून तो गुन्हा टळत नाही.

त्या बाईच्या नवऱ्याला शेवटी त्याच्या थोरल्या भावानं तपासणीला नेलं. शुक्रजंतू फार कमी निघाले. रिपोर्ट घेऊन तो दोन दिवस घरी आला नाही. आता त्याचं औषध चालू आहे. मूल होईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. डोरलं अजून गहाणच आहे. सासूनं मुली बघणं थांबवलंय.